आधी काचेचा पेला भरून ठेवा

नळाच्या पाण्याच्या रंगाबद्दल प्रश्न पाठवा, असं सांगितलं तेव्हा पाच-दहा पत्रं येतील असं वाटलं होतं. आली भरपूर, आणि बहुतेकांत एकच ओळ: "ताई, पाणी खराब येतंय, काय करू?" जलशुद्धीकरण केंद्राच्या प्रयोगशाळेत मी एकतीस वर्षं काढली. तिथल्या फोनवरही लोक हेच म्हणायचे, आणि आम्ही उलट तीन गोष्टी विचारायचो. कोणत्या नळाला? दिवसाच्या कोणत्या वेळी? नळ सोडून ठेवला तर किती वेळाने निवळतं? निम्मं निदान तिथेच व्हायचं. उरलेलं काचेच्या पेल्यात. पेला पांढऱ्या कागदावर ठेवायचा आणि अर्धा तास हात लावायचा नाही. बादलीत बघून रंग ठरवू नका, निळ्या बादलीत सगळंच पाणी छान दिसतं.

ज्यांनी हे तपशील लिहिले होते त्यांची पत्रं आधी घेतली आहेत. हा पक्षपात आहे, मान्य.

प्रश्न: रोज सकाळी पहिली दोनेक मिनिटं तांबूस पाणी येतं, मग साफ होतं. चार दिवस बाहेरगावी जाऊन आलो तर अगदी विटकरी आलं. शेजारी म्हणतात, रस्त्याखालची मुख्य लाइनच सडली आहे. त्यांच्या घरी मात्र असं होत नाही. (जुनी इमारत, तिसरा मजला)

शेजाऱ्यांच्या घरी होत नाही, हे तुम्हीच लिहिलंत आणि उत्तर देऊन टाकलंत. मुख्य लाइन सडली असती तर ती मजला बघून पाणी खराब करत नाही. रात्रभर पाणी थांबलं की रंग, वाहू लागलं की साफ, जास्त दिवस थांबलं की जास्त रंग: हा तुमच्या घरातल्या जी.आय. पाइपचा गंज आहे. या लोखंडी पाइपला जस्ताचा मुलामा असतो. तो वर्षानुवर्षं झिजत जातो आणि एक दिवस आतलं लोखंड उघडं पडतं. मग आत गंजाच्या गाठी धरतात. जुना पाइप कापून बघितलात तर एक इंचाच्या पाइपात पेन्सिल जाईल एवढीच वाट उरलेली दिसते. धार बारीक झाली आहे का, तेही बघा. रंग आणि बारीक धार दोन्ही असेल तर पाइपचे दिवस भरले.

पण लगेच सगळं घर खोदायला काढू नका. उद्या सकाळी घरात कुणीही पाणी वापरायच्या आधी प्रत्येक नळाचा एकेक पेला भरा आणि पेल्याला चिठ्ठी लावा. सगळे पेले सारखे तांबूस असतील तर दोष सगळ्यांना सामाईक असलेल्या पाइपात, म्हणजे टाकीतून खाली येणाऱ्या पाइपात. एकच पेला रंगीत असेल तर फक्त त्या फाट्यात.

हे मी कुठल्या तोंडाने सांगते, तेही ऐका. आमच्या स्वतःच्या स्वयंपाकघरातल्या नळाला असंच पाणी यायचं. मी प्रयोगशाळेतली, त्यामुळे दीड महिना रोज नमुना नेऊन लोह मोजत बसले, तक्ता केला, आलेखसुद्धा काढला. शेवटी प्लंबर आला. त्याने आलेखाकडे ढुंकून पाहिलं नाही, नळ काढला आणि मागचा निपल माझ्या हातात ठेवला. सगळी लाइन प्लास्टिकची आणि भिंतीतून बाहेर येणारा चार इंचांचा तुकडा तेवढा लोखंडी. आत बोट जाईना. पितळी निपल बसवला, पंधरा मिनिटांत काम झालं. तेव्हापासून मी आधी नळ काढून बघते, मग मोजते.

दुरुस्ती होईपर्यंत पहिलं पाणी बादलीत धरा, फरशी पुसायला किंवा झाडांना चालतं. पिण्याचं मात्र साफ झाल्यावरच भरा. आणि दुरुस्ती करताना कुणी लोखंडी पाइपला थेट तांब्याचा तुकडा जोडू लागला तर थांबवा. दोन वेगळे धातू पाण्यात एकमेकांना भिडले की त्यांचा छोटा विद्युतघट तयार होतो आणि त्यात लोखंड झपाट्याने झिजतं. मध्ये विद्युतरोधक जोड घालायला सांगा.

प्रश्न: बोअरचं पाणी नळातून काचेसारखं येतं, पण बादलीत तासाभरात पिवळं, संध्याकाळपर्यंत नारिंगी. पांढरे कपडे पिवळे पडले म्हणून ब्लीचमध्ये भिजवले, तर डाग आणखी गडद झाले! पाण्यात काही जादू आहे का?

जादू हवेची आहे. जमिनीखाली खोल, जिथे प्राणवायू पोहोचत नाही, तिथे लोह पाण्यात विरघळलेल्या रूपात असतं, आणि त्या रूपात त्याला रंग फारसा नसतो. पाणी वर आलं, हवा लागली, की तेच लोह गंजाच्या रूपात बाहेर पडतं. म्हणजे तुमच्या नळात पाणी खराब होत नाही, बादलीत ते आपलं खरं रूप दाखवतं. पहिल्या पत्रातल्या पाण्याच्या हे बरोबर उलटं आहे: तिथे सुरुवातीला रंग आणि नंतर साफ, इथे सुरुवातीला साफ आणि नंतर रंग. सगळे एका सुरात "लाल पाणी" म्हणतात, पण एकाला नवा पाइप लागतो आणि दुसऱ्याला पाइपने काडीचा फरक पडत नाही.

लिटरमागे ०.३ मिलिग्रॅमपेक्षा जास्त लोह असलं की कपड्यांवर आणि भांड्यांवर डाग पडू लागतात. हे किती कमी आहे बघा: हजार लिटरच्या टाकीत जेमतेम ०.३ ग्रॅम. मँगेनीजचं तर ०.१ मिलिग्रॅमच पुरतं, आणि त्याचे डाग काळपट. तुमच्या फ्लशच्या टाकीत काळी साय दिसत असेल तर तेही सोबत आहे असं समजा आणि तपासणी दोन्हींची करा. मँगेनीजकडे लहान बाळांच्या दृष्टीने जास्त काळजीने बघतात. बाटलीचं दूध त्या पाण्यात कालवत असाल तर अहवाल येईपर्यंत दुसरं पाणी वापरा.

आता ब्लीच. ब्लीच म्हणजे क्लोरीन, आणि क्लोरीन हवेपेक्षा जोरात लोहाचा गंज करतं. तुम्ही कपड्यातल्या अदृश्य लोहाचा धाग्यातच गंज केलात. लोखंडाच्या डागावर ब्लीच कधीही नको. सायट्रिक आम्लाच्या कोमट द्रावणात कपडा भिजवा, डाग उतरेपर्यंत वाळू देऊ नका, मग भरपूर पाण्यात खळबळून काढा. आधी शिवणीच्या आत एका कोपऱ्यावर करून बघा. आणि हे ठळक अक्षरांत वाचा: आधीचं ब्लीच कपड्यात असताना आम्लाला हात लावायचा नाही. दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो, आणि बंद न्हाणीघरात तो जिवावर बेतू शकतो. कपडा साध्या पाण्यात तीन-चार वेळा धुऊन, दार-खिडकी उघडी ठेवून मगच आम्ल.

कायमच्या उपायाआधी घरी एक प्रयोग करा. ताजं पाणी बाटलीत अर्ध्यापर्यंत भरा, झाकण लावून एक मिनिट जोरात हलवा, अर्धा तास ठेवा. तळाशी तांबडा गाळ बसून वरचं पाणी निवळलं, तर तुमचं काम सरळ आहे: पाण्याला हवा खेळवायची आणि वाळूच्या थरातून गाळायचं. रंग आला पण गाळ बसेना, तर लोह सेंद्रिय द्रव्यांना बिलगून आहे, आणि त्याला जास्त खटाटोप लागतो. मँगेनीज नुसत्या हवेला दाद देत नाही, त्याला पोटॅशियम परमँगनेटसारखा जोरकस ऑक्सिडीकारक लागतो. थेट आरओ लावू नका. लोह त्याच्या आतल्या गाळणीच्या पडद्यावर बसतं आणि पडदा काही महिन्यांत बाद होतो.

तुम्ही ताजा कलम म्हणून लिहिलं आहे की टाकीत पाण्यावर तेलकट, इंद्रधनुष्यी तवंग येतो. त्याला काडी लावा. काचेसारखे तुकडे होऊन फुटला तर ते लोहजीवाणूंचं काम, पाण्यातल्या लोहावर जगणाऱ्या सूक्ष्मजीवांचं. आजाराला ते सहसा कारण होत नाहीत, पण चिकट बुळबुळीत थर धरून पाइप तुंबवतात. फुटलेला तवंग गोल फिरून पुन्हा एक झाला तर मात्र ते खरंच तेल आहे. बोअरच्या पंपाकडे बघा, आणि ते पाणी पिऊ नका.

प्रश्न: शुद्धीकरण यंत्र विकायला एक जण आला होता. त्याने आमच्या नळाच्या पाण्यात आणि त्याच्या यंत्राच्या पाण्यात दोन-दोन कांड्या बुडवून वीज सोडली. आमचं पाणी मिनिटभरात शेवाळी-तपकिरी आणि वर घाण फेस. त्याचं तसंच स्वच्छ. सासूबाई तर रडायलाच लागल्या. यंत्र घेतलं. बरोबर केलं ना?

सासूबाईंना माझा नमस्कार सांगा आणि सांगा की ती घाण त्या पाण्यात नव्हती, कांडीत होती.

कांड्यांपैकी एक लोखंडाची असते. वीज सोडली की ती विरघळते आणि पाण्यात गंज होऊन उतरते. वीज वाहायला पाण्यात क्षार लागतात. नळाच्या पाण्यात ते असतात, आरओच्या पाण्यात जवळजवळ नसतात, म्हणून तिथे वीज वाहत नाही आणि कांडी शाबूत राहते. खात्री करायची असेल तर तो पुन्हा आला की त्याच्या स्वच्छ पाण्यात चिमूटभर मीठ टाका आणि बटण दाबायला सांगा. तेही तसंच तपकिरी होईल. आमच्या प्रयोगशाळेत नवीन शिकाऊ मुलं आली की आम्ही हा खेळ पहिल्या दिवशी करून दाखवायचो, म्हणजे पुढे कुणी त्यांना बनवू नये.

एवढ्यावरून तुमचं यंत्र वाईट ठरत नाही. क्षार खूप असतील, किंवा तपासणीत नायट्रेट, फ्लोराइड असं काही निघालं, तर आरओ कामाचंच आहे. पण तुमच्या पाण्यात काय आहे, हे तुम्हाला अजूनही माहीत नाही. औषध आधी आणलंत, आता निदान करून घ्या.

प्रश्न: आजूबाजूला पाइपलाइनचं काम झालं आणि दुपारी एकदम चहूकडे मातकट पाणी आलं. टाकी भरून गेली, वॉशिंग मशीनही चालू होतं. आता?

पुढच्या वेळी पहिला हात टाकीच्या आत येणाऱ्या व्हॉल्व्हवर जाऊ द्या. तो बंद केला असता तर घरात जेमतेम बादलीभर गढूळ पाणी आलं असतं.

मोठ्या पाइपच्या तळाशी वर्षांचा गाळ शांत पडून असतो. काम झालं, झडप झटक्यात उघडली, पाण्याचा वेग किंवा दिशा बदलली, की तो ढवळून निघतो. सहसा काही तासांत बसतो. तोवर गिझर, मशीन, पाणी शुद्ध करायचं यंत्र, सगळं बंद. मीटरच्या सर्वांत जवळचा, सर्वांत खालचा गार पाण्याचा नळ घ्या, तोटीची जाळी काढा आणि पेला साफ दिसेपर्यंत वाहू द्या. जाळी न काढता नळ सोडला तर सगळा कचरा तिच्यातच अडकतो आणि मग लोक आठवडाभर "धार कमी झाली" म्हणून पत्रं लिहितात. टाकीतलं पाणी काढून टाकावंच लागेल. टाकीच्या बाहेर जाणारा पाइप तळापासून थोडा वर असतो, त्यामुळे गाळ तिथेच राहतो आणि टाकी तळाला आली की दर वेळी पुन्हा गढूळ पाणी देतो. मशीनमधले कपडे ओले असतानाच साफ पाण्यात पुन्हा धुवा, वाळवू नका.

मात्र पाणी करडं असेल, गटारासारखा वास असेल, साबण नसताना फेस येत असेल, तर वरचं काहीही करत बसू नका. पाणीपुरवठा थांबलेला असताना पाइपातला दाब उतरतो आणि फुटक्या सांध्यातून बाहेरची घाण आत ओढली जाते. ते पाणी प्यायचं नाही, त्याने दात घासायचे नाहीत, आणि फोन लगेच करायचा, शेजाऱ्यांनाही करायला लावायचा. एकाच इमारतीतून पाच तक्रारी आल्या की माणूस त्याच दिवशी निघतो, हे मी टेबलाच्या पलीकडून बघितलं आहे.

प्रश्न: पाणी तांबूस असलं तरी आम्ही वीस मिनिटं उकळतो आणि फडक्याने गाळतो. मग साफ दिसतं. म्हणजे आता निर्धोक ना?

जंतूंपुरतं हो. खळखळून उकळी आली की एक मिनिट पुरे, उंच डोंगरावर राहत असाल तर तीन. वीस मिनिटांनी जंतू जास्त मरत नाहीत, पाणी मात्र आटतं. आणि पाणी आटलं की त्यातले विरघळलेले धातू घट्ट होतात, कमी होत नाहीत. लोहाचा गंज फडक्यात थोडाफार अडकतो. शिसं विरघळलेलं असलं तर फडक्यातून सरळ जातं. त्याला रंग नाही, वास नाही, आणि लिटरमागे ०.०१ मिलिग्रॅमपलीकडे ते नको असं जागतिक आरोग्य संघटनेचं मार्गदर्शक मूल्य आहे.

मला गंजाच्या पाण्यात खरी धास्ती गंजाची नसते. पाणी लोखंड खातंय याचा अर्थ ते आणखी काय खातंय, ही असते. अमेरिकेत मिशिगन राज्यात फ्लिंट नावाचं शहर आहे. एप्रिल २०१४ मध्ये तिथे पाण्याचा स्रोत बदलून नदीचं पाणी सुरू केलं, आणि पाइप झिजू नयेत म्हणून जे रसायन घालायला हवं होतं ते घातलं नाही. लोक तपकिरी पाण्याच्या बाटल्या घेऊन सभांना जाऊ लागले. ऑक्टोबर २०१४ मध्ये तिथल्या मोटारीच्या इंजिनांच्या कारखान्याने सुटे भाग गंजतात म्हणून हे पाणी घेणं बंद केलं. माणसांना जुना स्रोत परत मिळायला ऑक्टोबर २०१५ उजाडला. तोपर्यंत पाइपांतलं शिसं घराघरांत उतरलं होतं, आणि मुलांच्या रक्तातही वाढलेलं सापडलं. तपकिरी रंग निदान दिसत तरी होता.

तुमची इमारत जुनी असेल, सोल्डरचा डाग देऊन जोडलेले तांब्याचे पाइप किंवा जुने पितळी नळ असतील, तर शिशाची तपासणी एकदा करून घ्या. नमुना सकाळचा, किमान सहा तास न वापरलेल्या नळाचा, पहिल्या धारेचा घ्यायचा. आणि पिण्याचं पाणी कधीही गिझरच्या नळाचं घेऊ नका, गरम पाणी धातू जास्त विरघळवतं.

थोडक्यात उत्तरं

दुधासारखं पाणी: पेला ठेवा. तळाकडून वर साफ होत गेलं तर ती नुसती हवा, प्या. पांढरी भुकटी तळाशी बसली तर कळवा.

बेसिनवर निळा-हिरवा ओघळ: ठिबकणाऱ्या नळाखाली तांबं साचतं आहे. आधी नळ दुरुस्त करा, मग पाण्याचा सामू (पीएच) मोजून घ्या. पाणी आम्लधर्मी असेल तर ते तांब्याचे पाइप खातंय.

फक्त गरम पाणी तांबूस: गिझरची टाकी आतून गंजते आहे. खालून गाळ काढा, आणि आतला अॅनोड दांडा शेवटचा कधी बदलला ते आठवा. आठवत नसेल तर बदला. टाकीऐवजी गंजायला तोच ठेवलेला असतो. सडक्या अंड्यासारखा वास फक्त गरम पाण्यालाच असला तर त्यातही बहुतेक याच दांड्याचा हात असतो.

पाण्यात काळे कण: बोटांत चोळा. शाईसारखे पसरले तर वॉशर किंवा लवचीक नळीचं रबर विरघळतंय. नळी बदला.

फरशीच्या सांध्यांत गुलाबी थर: तो पाण्यातून येत नाही. ओल्या जागी हवेतले जीवाणू वाढतात. घासा आणि जागा कोरडी ठेवा.

आणि एक विनंती

एका वाचकांनी प्रश्नासोबत पाण्याची बाटलीच पाठवली आहे, शीतपेयाची, बूच चिकटपट्टीने बंद केलेली. तुमच्या विश्वासाबद्दल आभार, पण मी यातून काही सांगू शकत नाही. धातूंसाठी घेतलेल्या नमुन्यात आम्ल घालून ठेवतात, नाहीतर ते बाटलीच्या भिंतींना चिकटतात. जंतूंसाठी बाटली निर्जंतुक लागते, क्लोरीन मारण्यासाठी तिच्यात थायोसल्फेट लागतं, आणि नमुना गार ठेवून चोवीस तासांच्या आत प्रयोगशाळेत पोहोचवावा लागतो. तुमचा टपालाने नऊ दिवसांनी आला. म्हणून बाटली प्रयोगशाळेकडूनच मागून घ्या, आणि भरण्याआधी तिच्यावरची सूचना वाचा. आत पूड किंवा थेंब दिसले तर अस्वच्छ समजून ती विसळू नका. ते मुद्दाम घातलेलं असतं, आणि दर महिन्याला कुणी ना कुणी ते धुऊन आणायचंच.

तुमची बाटली माझ्या खिडकीत आहे. तळाशी बोटभर नारिंगी गाळ बसला आहे आणि वरचं पाणी नितळ झालं आहे, त्यामुळे अंदाज मला आहे. पण तुम्ही ती नळाच्या पहिल्या धारेची भरली की बादलीतली, हे काही लिहिलेलं नाही.